माशाचं औषधपाणी

आमच्या ह्यांना समुद्र आवडत नाही. लग्नानंतर दोनदा रत्नागिरीला गेलो, दोन्ही वेळा चपलेत वाळू जाते म्हणून हे गाडीत बसून राहिले. अशा माणसाने पन्नाशी गाठल्यावर घरात समुद्र आणला, आणि तोही हॉलमध्ये, सोफ्यासमोर, टीव्ही हलवून. कारण काय, तर पुण्याच्या एका पाइपच्या डीलरकडे तसा आहे. त्याच्याकडे आहे म्हणजे आपल्याकडे पाहिजे, एवढीच ती हौस. माशांची माया वगैरे काही नाही. माया असती तर पाणी बदलायच्या दिवशी हे नेमके आपल्या पाइपच्या दुकानात गेले नसते.

पाच फूट काच, आत दगड, दगडावर हलणारी प्रवाळं, वर निळा दिवा. मीठ पिशवीतून येतं, ते मोजून पाण्यात कालवायचं. पाणी गार ठेवायला वेगळं मशीन. मे महिन्यात आम्ही तिघं घामाने निथळत बसायचो आणि मासे मात्र पंचवीस डिग्रीत. वीज गेली की ह्यांचा पहिला प्रश्न, इन्व्हर्टरवर टाकी आहे ना? बायको आहे का, आई आहे का, हे नंतर.

बघायला माणसं यायची. शिवाजी पेठेतले ह्यांचे जुने दोस्त यायचे, पोह्याची बशी हातात घेऊन काचेला नाक लावायचे, आणि प्रत्येकजण तोच प्रश्न विचारायचा, ह्यातला खायला कुठला चांगला? आमच्या जैनाच्या घरात, देवघरापासून दहा पावलांवर उभं राहून. मी आतून चहा आणताना ऐकायची आणि मनात म्हणायची, वा रे मेल्यांनो. हे मात्र खुशीत हसायचे. कौतुक कुठल्याही तोंडातून आलं तरी ह्यांना चालतं.

कामं सगळी माझ्याकडे. मी शाळेत सातवी-आठवीला विज्ञान शिकवते, त्यामुळे ‘तुला कळतंय त्यातलं’ असं एकदा म्हणून ह्यांनी हात झटकले ते झटकलेच. काच मी पुसायची, मीठ मी मोजायचं, माशांना गोळ्या मी टाकायच्या. त्या गोळ्या कशाच्या असतात ते डबीवर बारीक अक्षरात छापलेलं असतं. मी ते वाचलं नाही. वाचता येत नव्हतं असं नाही, वाचायचं नव्हतं. घरात सांगितलं होतं, पिठाच्या गोळ्या आहेत.

सांगितलं होतं ते अव्वाला. अव्वा म्हणजे ह्यांची आई, वय शहात्तर. गडमुडशिंगीकडच्या मळ्यात जन्म गेला, शहरात आली ती नवरा गेल्यावर. आमच्या स्वयंपाकघरात भिंतीवर पाणी शुद्ध करायचं मशीन आहे, लाल-हिरवे दिवे लागणारं. अव्वा त्या मशीनचं पाणीसुद्धा दुहेरी फडक्यातून गाळते. गाळून झालं की फडकं सिंकमध्ये झटकायचं नाही. फडक्यात जे जीव अडकले असतील ती जिवाणी, ती ज्या पाण्यातून आली त्या पाण्यात परत गेली पाहिजे. फडकं उलटं धरायचं, वरून गाळलेलं पाणी हळू सोडायचं, आणि ते जपून परत न्यायचं. मळ्यातल्या विहिरीवर तिची त्यासाठी वेगळी पितळी लोटी होती. दोर लावून ती पार पाण्याला टेकेपर्यंत खाली सोडायची आणि मग कलती करायची, कारण वरून ओतलं तर जिवांना मार लागतो. आता नळाचं पाणी कुठून आलं म्हणायचं? म्हणून ती दुखऱ्या गुडघ्यांनी रोज जिना चढून गच्चीतल्या टाकीत जिवाणी सोडून येते. बावीस वर्षं मी हे बघतेय. इतकं बघितलं की दिसेनासं झालं होतं.

तर, दसऱ्याच्या सुमाराला हे मँडरिन घेऊन आले.

मासा बोटभर, आणि देखणा म्हणावं तर डोळे फिरतील असा. निळ्या अंगावर नारिंगी रेघांची नक्षी, पैठणीच्या काठावर सुद्धा इतकी बारीक बघितली नव्हती. पोहत नाही, पुढच्या परांवर टेकत टेकत दगडांवरून चालतो. मध्येच थांबतो, डोळे गरगर फिरवतो, दगडाला टोचा मारतो, पुढे जातो. मासेवाल्याने ह्यांना सांगितलं होतं, सगळं खातो, काय टेन्शन घेऊ नका पावणं. ह्यांनी घेतलं नाही. ते माझ्याकडे आलं.

गोळ्या त्याच्या नाकासमोरून खाली पडायच्या. हा बघायचा आणि तोंड फिरवायचा. गोठवलेलं खाणं आणलं, ते वितळवून ड्रॉपरने समोर सोडलं, त्यालाही हा शिवला नाही. मी म्हटलं, कुठला नवाब लागून गेलास रे तू? आठ दिवसांनी ह्यांनी मासेवाल्याला फोन लावला तेव्हा तो सहज म्हणाला, ह्यो जिवंतच खातो की, पॉड लागतात ह्याला. पॉड म्हणजे समुद्राच्या पाण्यातले बारीक किडे, खसखशीहून लहान, पांढरे, सतत टुणटुणणारे. टाकीतल्या दगडांवर होते तेवढे त्याने टिपून संपवले होते. आता रोज नवे घालायला हवेत. ही गोष्ट विकताना सांगायची असते, हे त्या मासेवाल्याच्या गावीही नव्हतं. आणि विकत घेताना विचारायची असते, हे आमच्या ह्यांच्या.

बेंगळुरूहून कुरियरने बाटली आली. मागच्या गॅलरीत दोन पांढरे टब मांडले, मिठाचं पाणी भरलं, हवेची नळी सोडली, त्यांना खायला हिरवं शेवाळाचं पाणी. पंधरा दिवसांत टबाच्या कडा पांढऱ्या ठिपक्यांनी भरून गेल्या. रोज सकाळी त्यातलं एक मगभर पाणी टाकीत ओतायचं. पहिल्या दिवशी ओतलं आणि तो नवाब असा काही जागा झाला, टोचे मारत सुटला, की खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. मुलं नाहीत आम्हाला. कुणीतरी पोटभर खाताना बघायला मला आवडतं.

अव्वाने विचारलं, ते टब कसले? मी तोंड उघडायच्या आत हे म्हणाले, माशाचं औषध आहे, पाण्यात मुरत ठेवलंय. नंतर मला बाजूला घेऊन सांगितलं, उगाच तिच्या डोक्याला ताप नको. पायाखाली मुंगी येऊ नये म्हणून रस्त्याकडे बघत चालणारी बाई, तिच्या घरात आम्ही रोज हजारभर जीव मगाने मोजून एकाच्या तोंडी देणार, आणि ह्यांना वाटतं हा डोक्याचा ताप. मला किळस आली. आणि मी मान डोलावली. ते मोठं शहाणपणाचं वाटलं होतं मला तेव्हा.

डिसेंबरात शाळेने मला सकाळच्या सत्रात टाकलं. साडेसहाला घर सोडायचं. हे आठच्या आधी डोळा उघडत नाहीत, तो धर्मच आहे ह्यांचा. माशाला सकाळी कोण घालणार यावर आमची जुंपली तेव्हा अव्वा देवघरातून म्हणाली, मी घालतो की त्येचं औषध, मला काय काम असतंय? एक मग टबातलं, टाकीत ओतायचं, एवढंच न्हवं? आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि हो म्हटलं. आमच्या पापाचं काम आम्ही तिच्या हातात दिलं, आणि वर ती मदत करते म्हणून बरंही वाटून घेतलं.

जानेवारीत मासा वाळायला लागला.

आधी पोट खपाटीला गेलं. मग पाठीचा कणा दिसायला लागला. नक्षी तशीच, रंग तसाच, आतला मासा मात्र रोज थोडा कमी. चालायचा, टोचे मारायचा, पण टोच्याला काही लागायचं नाही. मी शाळेतून आले की आधी काचेसमोर जायची, आहे का गेला बघायला. ह्यांनी फोनवर फोन केले. मासेवाला एकदा म्हणाला पोटात जंत असतील, एकदा म्हणाला पाण्याचा जोर जास्त आहे, एकदा म्हणाला टाकीतला जोकर मासा त्याला त्रास देत असेल. प्रत्येक वेळी त्याच्याकडे त्यावरचं औषध तयार. हे प्रत्येक औषध घेऊन आले. मूर्ख माणसाला हुशार दुकानदार भेटला की असंच होतं.

गंमत म्हणजे टब तुडुंब भरले होते. इतके पॉड, की मग बुडवला तर पाणी दुधट दिसावं. मी म्हणायची, खायला एवढं आहे, रोज मिळतंय, आणि हा खात नाही, म्हणजे ह्याला मरायचंच आहे. राग यायचा मला त्याचा, आणि रडूही यायचं. सातवीच्या वर्गात फळ्यावर मी अन्नसाखळी काढत होते, बाणाने बाण जोडत. माझ्या घरातला एक बाण कुठे तुटला ते मला दिसत नव्हतं.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी मी लवकर उठले. सातचा सुमार. गॅलरीत गेले तर अव्वा टबाशेजारी स्टूल टाकून बसलेली. पुढ्यात स्टीलचं पातेलं, पातेल्याच्या तोंडावर दुहेरी फडकं ताणून बांधलेलं. टबातला मग ती फडक्यावर धार धरून ओतत होती. खाली स्वच्छ, नितळ पाणी. मग तिने फडकं सोडलं, उलटं केलं, टबाच्या पाण्याला टेकवलं, आणि वाटीने वरून धार सोडत एकेक घडी धुतली. पातेलं उचलून ती उठायला लागली तेव्हा मी दारात आहे हे तिला दिसलं.

“औषधात जीव पडल्यात की गं तुमच्या,” ती म्हणाली. “मोतीबिंदू काढल्यापासनं दिसतंय मला. रोज गाळून घालतो. पर काळजी करू नकोस, एक सुदीक मरू दिला न्हाई मी.”

दोन महिने. दोन महिने ती रोज पहाटेची उठून, गुडघे मोडत, माशाच्या तोंडचा घास निवडून काढत होती आणि सुखरूप परत सोडत होती. टब भरले होते ते त्यामुळे. टाकीत जात होतं ते नुसतं खारं पाणी.

मी ह्यांना उठवून सांगितलं. हे हसले. खोकला येईपर्यंत हसले, डोळे पुसले, आणि मग म्हणाले, तिला काही सांगू नको. औषध बदललंय म्हण, आता संध्याकाळी द्यायचंय म्हण, आणि तू घालत जा. एका खोट्याला ठिगळ लावायला ह्यांना अर्धं मिनिट लागलं नाही. दुकानात गळक्या पाइपला सुद्धा हे इतक्या झटपट जोड देत नाहीत. बावीस वर्षांत ह्या माणसाचा इतका तिटकारा मला कधी आला नव्हता. मी गॅलरीत परत गेले आणि अव्वाला सगळं सांगितलं. औषध नाही ते. तेच त्याचं खाणं आहे. ते जीवच.

ती रागावेल असं मला वाटलं होतं. टब ओत म्हणेल, मासा काढ म्हणेल, मला बोल लावेल. मी त्याची तयारी करूनच गेले होते. ती पातेल्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, “म्हंजे दोन म्हैनं मी त्येला उपाशी ठेवला व्हय?”

ती उठली, हॉलमध्ये गेली, काचेजवळ वाकली. माशाची पाठ तिने बहुतेक पहिल्यांदाच नीट बघितली. हे दात घासत बाहेर आले. तिने ह्यांना एकच विचारलं, ह्यो दुसरं काय खात न्हाई, आन तुला कळलं हुतं, मग ठिवलास कशापायी? ह्यांच्या तोंडात ब्रश होता. मग तिने बाकीचे मासे काय खातात ते विचारलं. हे म्हणाले, पीठ. मी तिथेच उभी होते. मी काही बोलले नाही.

त्या दिवशी देवघरासमोर बसून अव्वाने नियम घेतला. दुपारी मला बोलावून सांगितलं, उगाच ताट वाढून वाया घालवू नकोस म्हणून. मासा आणलाय, आता त्याला उपाशी मारणं हेही पाप आणि खायला घालणं हेही पाप. तुमच्याच्यानं हे निस्तरायचं नाही. तर तो जिता आहे तोवर ती दिवसातून एकदाच जेवणार. दुपारी, एका बैठकीत. आणि तू घाल त्येला, मला म्हणाली, पर मी बघतो तवा घालू नकोस.

मासा सुधारला. सुधारणारच. पंधरा दिवसांत पाठ भरली, महिन्यात पोट गोल झालं. आणि अव्वाच्या सोन्याच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. ब्लडप्रेशरच्या गोळीवर ती संध्याकाळी नुसतं पाणी प्यायची, तेही सूर्य मावळायच्या आत. दोनदा जिन्यात बसली. डॉक्टर ओरडले. हे अव्वावर ओरडले. ह्या वयात कसला हा हट्ट, म्हणाले. हट्टी ती. म्हणजे ऐकावं ते नवलच.

मी म्हटलं, मासा परत देऊन टाका. हे म्हणाले, “पुण्याचा पावणा यायचाय पुढच्या महिन्यात. तवर राहू दे की.”

पुण्याचा पाहुणा, तोच पाइपचा डीलर, आला. टाकीसमोर उभा राहिला, अच्छा अच्छा म्हणाला, आणि फोन आला म्हणून अंगणात गेला तो जेवायला बोलावेपर्यंत आलाच नाही. माझ्या सासूच्या एक महिन्याच्या संध्याकाळच्या भाकरी त्या अच्छा अच्छासाठी गेल्या. त्याच्या जेवणात सोलकढीऐवजी मी साधं ताकच ठेवलं होतं, ते सुद्धा त्याला जास्त वाटलं मला.

दुसऱ्या दिवशी मी शाळेला रजा टाकली, तासभर झटापट करून तो नवाब पकडला, पिशवीत घातला आणि मासेवाल्याच्या टेबलावर नेऊन ठेवला. तो पिशवी उजेडात धरून बघतच राहिला. म्हणाला, वहिनी, असला गुबगुबीत मँडरिन मी उभ्या जन्मात बघितला न्हाई, ह्याला आता मी विकत न्हाई, दुकानातल्या मोठ्या टाकीतच ठेवतो. पॉड माझ्याकडं ढीग हाईत. पैसे द्यायला लागला. मी हात जोडले आणि बाहेर पडले. रिक्षात बसल्यावर मला हलकं वाटलं. घरी जाऊन ताट वाढायचं, ज्वारीची गरम भाकरी, मुगाची उसळ, हे रिक्षातच ठरवलं.

साडेपाचला ताट घेऊन अव्वासमोर गेले. मासा देऊन आले म्हटलं. तिने ताटाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

“तितं त्येला घालत्यात न्हवं?” तिने विचारलं.

हो म्हटलं, घालतात. भरपूर.

“मग जिता हाय न्हवं त्यो,” ती म्हणाली, आणि ताट माझ्याकडे सरकवलं.

मेला म्हणून सांगता आलं असतं. चार दिवसांनी, तोंड पाडून. ह्यांनी तर लगेच सुचवलं. पण औषध म्हणून एकदा सांगून बघितलं होतं. माझ्या तोंडाला आता पुन्हा खोटं बोलणं जमेना.

टब अजून गॅलरीत आहेत. आता ते अव्वाचे. त्यातलं कोणी कोणाच्या तोंडी जात नाही, आणि नळीची हवा बंद पडली तर ती ह्यांना दुकानातून बोलावून घेते. हॉलमधल्या टाकीसमोर हे अजून पाहुणे उभे करतात. आमच्याकडे मँडरिन होता, सांगतात, असा पोसला होता म्हणून सांगू.

मी दर सोमवारी शाळेतून आले की मासेवाल्याला फोन करते. त्याला वाटतं, वहिनींचा जीव गुंतलाय. “हाय की वहिनी, एकदम तब्येतीत,” तो म्हणतो. ज्या माशासाठी जानेवारीभर माझे डोळे भरून यायचे, तो आज तरी मेला असेल या आशेने मी नंबर फिरवते, आणि तो जिवंत आहे हे ऐकून पुढच्या सोमवारचे दिवस मोजायला लागते. जैनाची सून मी, मुलांना जीवसृष्टी शिकवणारी बाई.

अव्वा आरामखुर्चीतून बघत असते. मी फोन ठेवते, स्वयंपाकघरात जाते आणि तिच्या संध्याकाळच्या जेवणासाठी काढून ठेवलेलं ताट परत मांडणीत लावते.